युद्धकाळातल्या अधिकाऱ्याचे बिल्ले: जमवायचे कसे, वाचायचे कसे

जुन्या ट्रंकेत बिल्ल्यांचा डबा सापडला की घरातला कोणीतरी हौशी माणूस ब्रासोची बाटली शोधायला उठतो. त्याला आधी खाली बसवा. दुसऱ्या महायुद्धातल्या अधिकाऱ्याच्या सर्व्हिस ड्रेसवरचे बिल्ले बहुधा ब्रॉन्झ रंगाचे असत, काळपट तपकिरी. तो मळ नव्हे. तो रंग कारखान्यात मुद्दाम चढवलेला आहे. पाच मिनिटं घासलं की खालचं पितळ उघडं पडतं आणि अधिकाऱ्याचा बिल्ला शिपायाच्या बिल्ल्यासारखा दिसू लागतो. एकदा गेलेला रंग परत येत नाही, आणि हा बिल्ला अधिकाऱ्याचा होता हे सांगणारा सगळ्यात सोपा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे मला बिल्ला व्हाउचरसारखा दिसतो. एकट्या व्हाउचरवरून काही सिद्ध होत नाही. चार व्हाउचरं एकमेकांशी जुळली की हिशेब उभा राहतो, आणि एखादं जुळलं नाही तर खरी चौकशी तिथून सुरू होते. लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे डबे घेऊन, म्हणून इथं त्यांच्याबद्दलच लिहितो.

हात लावण्याआधी

डबा जसा आहे तसा त्याचा फोटो घ्या. काय वर होतं, काय खाली, कशाला कशाची पिन अडकली होती, कुठल्या कागदात काय गुंडाळलं होतं, सगळं. मग प्रत्येक वस्तूचे पुढून आणि मागून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. दिवा समोरून नको, बाजूनं तिरका धरा. झिजलेली अक्षरं सावलीत वाचता येतात.

बिल्ले कोटावर असतील तर काढू नका. आधीच काढले असतील तर कोट टाकू नका. लोक धातू जपतात आणि कापड चिंध्यांत घालतात, पण माहिती बरेचदा कापडातच असते. धातूच्या पिपच्या, म्हणजे खांद्यावरच्या ताऱ्याच्या, मागे कडी असते. ती कापडाच्या भोकातून आत जाते आणि खालून पिन घालून अडकवतात. पिप काढला तरी भोक राहतं. एका कोटाची खांद्यावरची पट्टी मी दहापट भिंगाखाली पाहिली. ओळीत तीन भोकं, तिन्हींच्या कडा वापरून सैल झालेल्या. मधल्या भोकाजवळ आणखी एक, कडा घट्ट असलेलं, आणि त्याच्याभोवती मुकुटाच्या आकाराचा, जरासा गडद, न विटलेला डाग. म्हणजे हा माणूस बराच काळ कॅप्टन होता आणि मेजर थोडाच काळ. घरच्यांना तो फक्त 'मेजरसाहेब' म्हणून माहीत होता. डब्यात मुकुट होता, पण कॅप्टनकीचे तीन पिप कुठंतरी गहाळ झाले होते. ते भोकांमुळे कळले.

कोट हातात आहे तोवर आतला खिसाही पाहून घ्या. अधिकारी गणवेश स्वतः शिवून घेत. चांगले शिंपी छातीच्या आतल्या खिशात लेबल लावत आणि त्यावर शाईनं गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहीत. टोपीच्या आतली चामड्याची पट्टी, कमरेच्या पट्ट्याची आतली बाजू आणि ट्रंकेचं झाकण तपासा. झाकणावर रंगानं नाव, हुद्दा आणि क्रमांक लिहायची पद्धत होती. नंतरच्या पिढीनं त्यावर रंग दिला असला तरी तिरक्या उजेडात खालची अक्षरं उमटतात. अधिकाऱ्याचा क्रमांक मिळाला तर नावापेक्षाही उपयोगी, कारण नावं सारखी असतात आणि क्रमांक एकाचाच.

खांद्यावर काय होतं

हिशेब सोपा आहे. एक पिप सेकंड लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन कॅप्टन. नुसता मुकुट मेजर. मुकुट आणि एक पिप लेफ्टनंट कर्नल, दोन पिप कर्नल, तीन पिप ब्रिगेडियर. पिप भिंगाखाली धरला तर मधोमध तीन छोटे मुकुट आणि भोवती लॅटिन अक्षरं दिसतात. हे 'ऑर्डर ऑफ द बाथ' या सन्मानाचं बोधवाक्य आहे. ब्रिटिश गार्ड्स पलटणींचे पिप वेगळे असत, तेव्हा नक्षी जुळली नाही तर लगेच नकली म्हणू नका.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. एक किंवा दोन पिप म्हणजे लेफ्टनंट, असं धरून लोक चालतात. पण जमादाराच्या खांद्यावरही एक पिप असे आणि सुभेदाराच्या दोन. हे व्हाइसरॉयचं कमिशन मिळालेले अधिकारी, म्हणजे आजच्या जेसीओंचे (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरांचे) पूर्वज. जमादार हे पद १९६५ साली नायब सुभेदार झालं. जेसीओंच्या खांद्यावर ताऱ्यांबरोबर आडवी लाल-पिवळी-लाल फीत दिसते. तशी फीत किंवा तिच्या शिवणीची खूण सापडली तर शोधाची दिशाच बदलते, कारण या अधिकाऱ्यांची कागदपत्रं वेगळ्या ठिकाणी असतात. आजोबा सुभेदार होते म्हणून कोणी नाराज होऊ नये. पलटण चालत होती ती त्यांच्याच जिवावर.

कापडी पिप असेल तर त्याची किनार बघा. बॅटलड्रेसवर, म्हणजे लढाईतल्या गणवेशावर, शिवायच्या पिपला खात्याच्या रंगाचं अस्तर असे: पायदळाला लाल, रायफल पलटणींना गडद हिरवा, वैद्यकीय कोअरला फिकट वाइनसारखा लाल. अस्तर हिरवं आणि टोपीचा बिल्ला साध्या पायदळ पलटणीचा, असं आढळलं तर दोन माणसांचे बिल्ले एकाच डब्यात आले आहेत किंवा माणसाची बदली झाली आहे. दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

मुकुट

मुकुटावरून काळ ठरतो. १९०१ पासून दुसरी एलिझाबेथ गादीवर येईपर्यंत जो मुकुट चालला त्याच्या कमानी वर गोलाकार फुगतात. संग्राहक त्याला 'किंग्ज क्राउन' म्हणतात. एलिझाबेथच्या काळातल्या 'क्वीन्स क्राउन'च्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. महायुद्धातल्या बिल्ल्यावर किंग्ज क्राउनच हवा.

भारतीय पलटणींच्या बाबतीत तर ही चाचणी आणखी कडक आहे. २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झालं, मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. पिपची जागा पाच टोकांच्या ताऱ्यानं घेतली. एलिझाबेथ राणी झाली ती १९५२ मध्ये. म्हणजे मराठा किंवा राजपूत पलटणीच्या बिल्ल्यावर क्वीन्स क्राउन असेल तर तो बिल्ला कधी कोणाच्या टोपीवर नव्हता, कोणीतरी विकायला पाडला आहे. उलट, डब्यात मुकुट आणि सिंह दोन्ही असतील तर आनंदाची गोष्ट: माणूस युद्ध संपल्यावरही नोकरीत होता आणि १९५० ओलांडून पुढे गेला. १९४७ नंतरही जवळजवळ अडीच वर्षं मुकुट चालू होता हे विसरू नका. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी खांदे बदलले नाहीत.

आता एक नवा धोका. राजा चार्ल्सनं पुन्हा जुन्या धाटणीचा, गोलाकार कमानींचा मुकुट घेतला आहे. त्यामुळे २०२२ नंतर तयार झालेला नवा कोरा ब्रिटिश बिल्ला वरवर १९४० च्या बिल्ल्यासारखा दिसू शकतो.

दंडावरची खूण

सगळ्यात जास्त गोष्टी सांगतात त्या डिव्हिजनच्या (अनेक बटालियनी मिळून होणाऱ्या मोठ्या तुकडीच्या) कापडी खुणा, ज्यांना फौजेत फॉर्मेशन साइन म्हणतात. टोपीचा बिल्ला पलटण सांगतो. पलटणीच्या मात्र अनेक बटालियनी असतात आणि त्या जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत लढत असतात. दंडावरची खूण नकाशावर बोट ठेवते.

लाल गरुड म्हणजे चौथी भारतीय डिव्हिजन: आफ्रिकेचं वाळवंट, पूर्व आफ्रिकेतलं केरेन, इटलीतलं कॅसिनो. काळ्यावर लाल गोळा म्हणजे पाचवी, जिला 'बॉल ऑफ फायर' म्हणत. ती पूर्व आफ्रिकेतून वाळवंटात आणि तिथून ब्रह्मदेशात गेली. सोनेरी बाण सातवी, क्लोव्हरची तीन पानं आठवी. काळं मांजर सतरावी, पण ते १९४३ पासून. त्याआधी तिची खूण विजेची होती. खंजीर एकोणिसावी, लढणारा कोंबडा तेविसावी. लाल-काळी ढाल आणि त्यावर टोक खाली केलेली तलवार म्हणजे चौदावी आर्मी. ती खूण खुद्द सेनापती स्लिम यांनी काढलेली. ही आर्मी १९४३ च्या अखेरीस उभी राहिली, तेव्हा 'आजोबा १९४२ च्या ब्रह्मदेशातल्या माघारीत ही खूण लावून होते' असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि शेजारी प्रश्नचिन्ह घालावं.

उदाहरण पाहू. डब्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिल्ला आहे: बिगुल, वर मुकुट. शेजारी आठव्या डिव्हिजनची क्लोव्हरची पानं. आठव्या डिव्हिजनमध्ये या पलटणीची पहिली बटालियन होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत तारांतोला उतरली आणि शेवटपर्यंत इटलीत लढली. याच बटालियनचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. पलटण एक, देश एक, खुणा दोन. क्लोव्हरच्या पानांवरून तुम्ही पहिल्या बटालियनकडे वळता. हे अनुमान झालं, निकाल नव्हे. अधिकारी डिव्हिजनच्या मुख्यालयात स्टाफवरही असू शकतो, आणि मग बटालियनच्या कागदांत त्याचं नावही येत नाही.

दुसरं म्हणजे युद्धाच्या शेवटी ज्या डिव्हिजनमध्ये होता तीच खूण अंगावर राहते. आधीच्या खुणा माणूस उसवून टाकतो. डब्यात सुटी, उसवलेली खूण सापडली तर ती आधीच्या नेमणुकीची असण्याची शक्यता जास्त. मागे अडकलेल्या दोऱ्यांचा रंग कोटाच्या शिवणीशी जुळतो का ते पाहा. सुटी पण कोरी, कधीच न शिवलेली खूण असेल तर ती बहुधा आठवण म्हणून किंवा जादा म्हणून घेतलेली.

फिती

छातीवरची रंगीत फितींची पट्टी म्हणजे माणसाच्या युद्धाचा सारांश. गडद निळी, लाल, फिकट निळी: १९३९-४५ स्टार. वाळूच्या रंगावर मधोमध लाल: आफ्रिका स्टार. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल: इटली स्टार. गडद निळ्यात रुंद लाल आणि दोन बाजूंना नारिंगी रेघा: बर्मा स्टार. मध्ये जांभळा आणि दोन्हीकडे पांढरा दिसला तर जरा सावरून बसा, तो मिलिटरी क्रॉस, शौर्याचा सन्मान आहे. तो युद्धकाळात अधिकाऱ्यांना आणि वॉरंट ऑफिसरांनाच मिळे. पदक हाताशी असेल तर मागच्या बाजूला खालच्या पाकळीवर वर्ष कोरलेलं असतं.

जे आहे त्याइतकंच जे नाही तेही वाचा. आफ्रिका स्टारच्या फितीवर छोटा '8' आकडा असेल तर माणूस २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात आठव्या आर्मीत होता, म्हणजे एल अलामेनची लढाई सुरू झाली तेव्हापासून ट्युनिशिया संपेपर्यंत कधीतरी. आता समजा मराठा पलटणीचा बिल्ला आहे, आफ्रिका स्टार आहे, पण आठाचा आकडा नाही आणि इटली स्टारही नाही. युद्ध तर १९४५ पर्यंत चाललं, मग हा माणूस मधली तीन वर्षं कुठं होता? बदली होऊन भारतात परतला असेल, जखमी झाला असेल. पण जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा पाचव्या मराठाची दुसरी बटालियन तिथं होती आणि शत्रूच्या हाती लागली, हेही लक्षात घ्यावं लागतं. अशा वेळी युद्धकैद्यांच्या याद्या धुंडाळायच्या. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती कुटुंबीयांच्या अर्जावरून अशी माहिती शोधून देते. अर्ज ठरावीक काळातच घेतात, तेव्हा मुदत पाहून ठेवा. घरी 'आजोबा इटलीत होते' अशी आठवण असते आणि फितीत इटली नसते. आठवण खोटी नसते. ते इटलीत होते, पण तारेच्या कुंपणाआड.

फितीवर ओकच्या पानाची ब्रॉन्झची छोटी खूण म्हणजे युद्धवृत्तान्तात नावाचा उल्लेख. गडद-फिकट निळ्या पट्ट्यांची इंडिया सर्व्हिस मेडलची फीत असेल तर ती पट्टी १९४६ च्या आधी शिवलेली नाही, कारण ते पदकच त्या वर्षी सुरू झालं.

ब्रिटिश सरकारनं दुसऱ्या महायुद्धाचे स्टार आणि पदकं नाव न कोरता दिली, पण भारतीयांना दिलेल्या स्टारच्या मागे नाव कोरलेलं असे, तेव्हा पाठ जरूर तपासा. त्याआधीच्या वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांचं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल असेल तर कडही नीट वाचा. तिथं नाव आणि पलटण असते.

खरं की नकली

पुढची बाजू सगळेच बघतात, म्हणून नकली करणारेही पुढची बाजूच नीट करतात. तुम्ही बिल्ला उलटा करा.

साच्यात दाबून केलेल्या बिल्ल्याची मागची बाजू पुढच्या नक्षीची उलट छाप दाखवते, कडा तीक्ष्ण असतात, कापलेल्या फटींच्या आत कापणीच्या बारीक रेघा दिसतात. ओतीव नकलेवर बारीक खड्डे, फुगलेल्या कडा आणि कधी दोन साचे जिथं जुळतात तिथं उंचवटा असतो. कड्या डागताना सांडलेला चकचकीत जस्तासारखा डाग दिसला तर त्या कड्या बहुधा अलीकडच्या. 'जे. आर. गाँट, लंडन' असा शिक्का पाहून लोक हुरळतात. गाँट ही खरी नामांकित कंपनी, पण तिचा शिक्का नंतर पाडलेल्या बिल्ल्यांवर आणि सरळसरळ नकलांवर इतका आढळतो की तो एकटाच असेल तर मी त्याला शून्य गुण देतो. चांदीच्या बिल्ल्यावर हॉलमार्क असेल तर गोष्ट वेगळी. बर्मिंगहॅमचा (जहाजाचा) नांगर, चांदीचा सिंह आणि वर्षाचं अक्षर मिळून वर्ष पक्कं सांगतात.

मात्र ब्रिटिश संग्राहकांचे नियम इकडच्या वस्तूंना डोळे झाकून लावू नयेत. 'ओतीव म्हणजे नकली' हा नियम बर्मिंगहॅमच्या मालाला ठीक. हिंदुस्थानी सैन्य युद्धात पंचवीस लाखांच्या घरात गेलं. एवढ्या लोकांना विलायतेहून बिल्ले येणार कसे? छावणीच्या बाजारातल्या कारागिरांनी पितळ ओतून बिल्ले केले, ओबडधोबड, अक्षरं वाकडी, आणि ते खरोखर टोप्यांवर चढले. कापडी खुणांचंही तसंच. कापडावर छापलेल्या, नमद्यावर भरतकाम केलेल्या, जरीच्या तारेनं केलेल्या, सगळ्या प्रकारच्या खऱ्या खुणा आहेत. जरीची खूण तर अधिकाऱ्यानं पलटणीच्या शिंप्याकडून हौसेनं करून घेतलेली असते. युद्धाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये धातू वाचवायला तपकिरी-करड्या प्लास्टिकचे बिल्ले निघाले. ते हलके, खेळण्यासारखे दिसतात आणि अज्ञानापोटी फेकले जातात. फेकू नका.

कापडासाठी अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च वापरा. आजचे कृत्रिम धागे निळसर-पांढरे चमकतात, जुना सुती दोरा चमकत नाही. पण कोणी प्रेमानं जुनी खूण आजच्या धुण्याच्या पावडरीत धुतली असेल तर खरीही चमकते. म्हणून चमकली तर ती शंका समजायची, निकाल नाही.

कागदांकडे

आता नाव, क्रमांक, पलटण आणि अंदाजे वर्षं हातात आहेत. पहिला मुक्काम लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. ते इंटरनेटवर फुकट शोधता येतं. कमिशन, बढत्या, सन्मान त्यात छापले जात. आपल्या नावांचा मात्र तिथं पार चुरा होतो. घाडगे, घाटगे, घाडीगावकर यांच्या रोमन लिपीतल्या रूपांना काही धरबंध नाही. आडनाव कधी शेवटी, कधी वडिलांचं नावच आडनाव म्हणून, मध्येच 'राव'. शिवाय जुन्या छपाईवरून यंत्रानं वाचलेली अक्षरं चुकलेली असतात. म्हणून नावानं सापडलं नाही तर तारीख धरून 'इंडियन आर्मी' हा विभाग डोळ्यांनी वाचून काढा. कंटाळवाणं आहे, पण मिळतं ते असंच. तिथंही नाही मिळालं तर भारत सरकारचं त्या काळचं राजपत्र. डेहराडूनच्या अकादमीतून, म्हणजे १९३२ नंतर, कमिशन मिळालेल्यांसाठी ते आधी पाहिलं तरी चालेल.

युद्धात भारतीय अधिकाऱ्यांची संख्या काही शेंवरून आठ हजारांच्या आसपास गेली. बहुतेक जण आणीबाणीच्या कमिशनवाले होते, बेळगाव, महू, बंगळूरच्या प्रशिक्षण शाळांतून आलेले. त्यांच्या क्रमांकाआधी बहुधा 'आयईसी' अशी रोमन अक्षरं असतात. ती दिसली तर माणूस युद्धात भरती झाला असं समजायला हरकत नाही.

दुसरा मुक्काम इंडियन आर्मी लिस्ट, म्हणजे अधिकाऱ्यांची छापील यादी. इथं एक ठेच ठरलेली. कोटावर मेजरचा मुकुट आणि लिस्टमध्ये त्याच वर्षी लेफ्टनंट. घरचे म्हणतात लिस्ट चुकली, संशयी संग्राहक म्हणतो कोट दुसऱ्याचा. दोघंही थांबा. युद्धात कायम हुद्दा वेगळा, हंगामी वेगळा, कार्यकारी वेगळा. माणूस खांद्यावर मिरवायचा तो त्या क्षणी करत असलेल्या कामाचा हुद्दा, आणि ज्येष्ठतेची यादी चालायची ती कायम हुद्द्यावर. दोन्ही कागद खरे.

तिसरा मुक्काम म्हणजे बटालियनची वॉर डायरी (युद्धातली रोजची नोंदवही), आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्या आहेत: मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९ मालिकेत, इटलीच्या १७० मध्ये, आग्नेय आशियाच्या १७२ मध्ये. साध्या शिपायाचं नाव डायरीत क्वचित येतं, अधिकाऱ्याचं मात्र येतं: कोण रुजू झाला, कोण रजेवर गेला, गस्तीवर कोण होता, कोण जखमी. सन्मानाची शिफारस डब्ल्यूओ ३७३ मध्ये सापडते. त्यात त्या माणसानं नेमकं काय केलं याचा परिच्छेदभर मजकूर असतो. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या सेवेच्या बऱ्याच फायली ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. युद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी आधी पाहा, तिथं बटालियनही लिहिलेली असते. पलटणीच्या केंद्रालाही पत्र लिहावं, मराठा पलटणीसाठी बेळगावला. पत्र छोटं, क्रमांक ठळक, प्रश्न एक किंवा दोन. 'आजोबांबद्दल सर्व माहिती पाठवावी' अशा पत्राला उत्तर द्यायला कोणाला सवड नसते.

जमवताना

विकत घ्यायची वेळ आली तर वस्तू घ्या, किस्सा घेऊ नका. विक्रेता तोंडी जे सांगतो ते त्याच्याकडून लिहून घ्या. लिहून द्यायला तो कचरला तर किस्स्याची किंमत कळली. एका माणसाचा संच फोडू नये. टोपीचा बिल्ला एका संग्रहात, फिती दुसऱ्याकडे, खूण तिसऱ्याकडे गेली की वर सांगितलेलं काहीच करता येत नाही, उरतं ते मोडीतलं पितळ. फुटलेल्या संचातली सुटी वस्तू घेताना विक्रेत्याला बाकीचं कुठं गेलं ते जरूर विचारा. आणि लष्कराची खूण अंगावर लावून सैनिक असल्याचा भास निर्माण करणं हा गुन्हा आहे, तेव्हा स्नेहसंमेलनात नातवाला तो कोट घालू नका.

ठेवायला आम्लरहित कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या. पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे नकोत, त्यातून निघणाऱ्या आम्लानं पितळावर हिरवं कीट चढतं. रबर बँड नको, चांदी काळी पडते. हिरवं कीट आलंच असेल तर लाकडी टूथपिकनं अलगद खरवडा, बाकी मऊ ब्रश पुरे. लोकरी कापडाला कसर लागली असेल तर ते पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दमटपणा कापडात मुरतो.

प्रत्येक वस्तूचा एक कागद करा आणि त्यावर तीन रकाने: वस्तूवर काय दिसतं, कोणी काय सांगितलं, मी काय अनुमान काढलं. हे रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका. आत्याबाईंनी सांगितलेलं 'खुद्द स्लिमसाहेबांनी दिलेला' दुसऱ्या रकान्यातच राहील, कितीही गोड वाटलं तरी. कागदावर तारीख आणि तुमची सही हवी, आणि त्याची एक प्रत डब्यातच ठेवायची, कारण संगणकातली फाइल आणि डबा वेगवेगळ्या वारसांकडे जातात. संग्रहालयाला द्यायचं ठरलं तर देणगी की ठेव हे कागदावर लिहून घ्या, संच एकत्र राहील अशी अट घाला, आणि वस्तूंच्या यादीवर त्यांची पोच घेतल्याशिवाय डबा तिथं सोडून येऊ नका.